पॅकेज अवलंबित्व, लिनक्स वितरणांतील

लिनक्स या संगणक-प्रणालीवर चालणारी कोणतीही आज्ञावली बहुधा एकटी चालू शकत नाही. तिला इतर आज्ञावल्यांची, विशेषतः अनेक आज्ञावल्यांनी मिळून वापरावयाच्या तयार भागांची, गरज लागते. या तयार भागांना ‘लायब्ररी’ म्हणतात आणि त्यांच्यावाचून न चालण्याच्या स्थितीला ‘अवलंबित्व’ म्हणतात. लिनक्सचा गाभा, त्यावरील आज्ञावल्या व लायब्रऱ्या एकत्र करून वापरण्याजोग्या स्वरूपात जी पुरविली जाते, तिला ‘वितरण’ अशी संज्ञा आहे. वितरणातील सॉफ्टवेअर सुट्या गठ्ठ्यांच्या रूपात असते. अशा प्रत्येक गठ्ठ्याला ‘पॅकेज’ म्हणतात. पॅकेजमध्ये प्रत्यक्ष धारिकांखेरीज एक माहितीपत्रक असते. त्यात पॅकेजचे नाव, आवृत्ती आणि ते चालण्यासाठी आणखी कोणती पॅकेजे संगणकावर असली पाहिजेत, याची नोंद असते. हजारो परस्परांपासून स्वतंत्र अशा गटांनी लिहिलेले सॉफ्टवेअर एका संगणकावर सुसंगतपणे नांदविण्याची सगळी भिस्त या नोंदीवर आहे.

मराठी मजकुराचे उदाहरण घेतल्यास अवलंबित्वाची साखळी स्पष्ट होते. पडद्यावर ‘क्ष’ किंवा ‘त्र’ यांसारखी जोडाक्षरे नीट उमटावीत, यासाठी लागणारे काम मजकूर-संपादनाची आज्ञावली स्वतः करीत नाही. ती खिडक्या व बटणे पुरविणाऱ्या जीटीके या लायब्ररीवर विसंबते. जीटीके ओळींची मांडणी करणाऱ्या पँगोवर व पँगो अक्षरांची जुळणी करणाऱ्या हार्फबझवर विसंबते, तर टंकातील अक्षराकृती रेखाटण्याचे काम फ्रीटाइपकडे असते. यांतील प्रत्येक भाग वेगळ्या लोकांनी, वेगळ्या वेळी व वेगळ्या हेतूने लिहिलेला आहे. साखळी नेहमी सरळच असते, असेही नाही. फ्रीटाइपला काही कामासाठी हार्फबझ उपयोगी पडते आणि हार्फबझला फ्रीटाइप. त्यामुळे ही दोन्ही मुळापासून तयार करताना आधी एकाची अपुरी प्रत बनवावी लागते, तिच्या साहाय्याने दुसरे व मग पुन्हा पहिले. नव्या वितरणाची उभारणी करणाऱ्यांना असली वर्तुळे ठिकठिकाणी तोडावी लागतात.

लायब्ररीची प्रत प्रत्येक आज्ञावलीत स्वतंत्रपणे घालण्याऐवजी सर्वांनी मिळून एकच प्रत वापरण्याची पद्धत प्रथम स्मृतीची व तबकडीवरील जागेची बचत म्हणून रूढ झाली. आज जागेचा प्रश्न गौण झाला असला, तरी तिचा दुसरा फायदा मोठा आहे. लायब्ररीतील दोष एका ठिकाणी दुरुस्त केला की, ती वापरणाऱ्या सर्व आज्ञावल्या दुरुस्त होतात. मात्र त्यासाठी लायब्ररीच्या नव्या आवृत्तीने जुन्या आवृत्तीचे करार पाळावे लागतात. करार मोडला आहे की नाही, हे कळावे म्हणून लायब्ररीच्या नावात एक क्रमांक गोवलेला असतो व विसंगत बदल झाल्यास तो वाढविला जातो. हा क्रमांक वाढविण्याचे काम लेखकाच्या विवेकावर सोपविलेले आहे आणि या व्यवस्थेतील बरीचशी दुखणी तेथूनच सुरू होतात.

प्रारंभीचा काळ : फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या जोडीला मुख्यतः ग्नू प्रकल्पातील आज्ञावल्या घेऊन लवकरच वितरणे निघू लागली. पीटर मॅकडॉनल्ड यांचे एसएलएस (१९९२) हे आरंभीच्या वितरणांपैकी एक होय. त्यावरून पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनी जुलै १९९३ मध्ये स्लॅकवेअर काढले. ते अजूनही प्रचारात आहे. स्लॅकवेअरची पॅकेजे म्हणजे संकोचित धारिकांची साधी गाठोडी होत. कशाला काय लागते याची नोंद त्यांत नव्हती व अधिकृत साधनांनी अवलंबित्व सोडविण्याची सोय तेथे जाणीवपूर्वक टाळण्यात आली. एखादी लायब्ररी नसल्यास आज्ञावली सुरू होत नसे व मग काय आणावयाचे ते वापरणाऱ्याने शोधावे, असा शिरस्ता होता. वितरण लहान होते व वापरणारे जाणकार होते, तोवर हे खपून गेले.

इयन मर्डॉक (१९७३–२०१५) यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियन या वितरणाची घोषणा केली. (पत्नी डेब्रा व स्वतःचे नाव इयन यांच्या जोडणीतून हे नाव त्यांनी बनविले.) एकट्या माणसाऐवजी अनेक स्वयंसेवकांनी एकेक पॅकेज सांभाळावे, ही कल्पना त्यामागे होती. अवलंबित्वाची लेखी नोंद ही या श्रमविभागणीतूनच अपरिहार्य ठरली. एकच माणूस सगळे जुळवीत असेल तर कशाला काय लागते ते त्याच्या डोक्यात राहू शकते. शंभर माणसे जुळवीत असतील तर ते कोठेतरी लिहून ठेवणे भाग पडते. डेबियनचे डीपीकेजी हे साधन प्रथम १९९४ मध्ये साध्या स्वरूपात लिहिले गेले व त्याच वर्षी इयन जॅक्सन यांनी त्याचा मुख्य भाग सी भाषेत पुन्हा लिहिला. त्याच्या माहितीपत्रकातील शब्दयोजना पुढे इतरांनीही कमीअधिक प्रमाणात उचलली. ‘आवश्यक’, ‘शिफारस’ व ‘सूचना’ अशा गरजेच्या उतरत्या पायऱ्या तीत होत्या. त्यांखेरीज दोन पॅकेजे एकत्र नांदू शकत नसल्यास ‘विरोध’ आणि एकाने दुसऱ्याची जागा भरून काढावयाची असल्यास ‘पुरवठा’, अशा नोंदी करता येत. ‘पुरवठा’ ही नोंद विशेष उपयुक्त ठरली. टपाल पाठविणारी कोणतीही एक आज्ञावली चालेल, एवढेच सांगावयाचे असल्यास एका काल्पनिक पॅकेजाचे नाव देता येते व ते नाव अनेक खरी पॅकेजे धारण करतात. पूर्णपणे निर्देशांचीच बनलेली पॅकेजेही असतात. डेबियनमधील मराठीसाठीच्या अशा पॅकेजात स्वतःचे म्हणावे असे जवळजवळ काहीच नाही. ते बसविले की मराठीला लागणारी इतर पॅकेजे ओढली जातात.

याच सुमारास रेड हॅट या अमेरिकन कंपनीत मार्क यूइंग व एरिक ट्रोन यांनी आरपीएम हे साधन तयार केले. ते १९९५ मध्ये रेड हॅट लिनक्सच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर बाहेर पडले व पुढे सूसे, मॅनड्रेक इ. वितरणांनी स्वीकारले. त्यात पॅकेज तयार होतानाच त्यातील धारिका तपासून त्यांना कोणत्या लायब्रऱ्या लागतात ते यंत्राने शोधून काढण्याची पद्धत विकसित झाली. डेबियननेही तशी सोय केली. माणसाने आठवणीने नोंद करण्यापेक्षा ही नोंद अधिक विश्वासार्ह ठरली.

अवलंबित्वाचा नरक : नोंद असणे वेगळे व ती पुरी करणे वेगळे. डीपीकेजी व आरपीएम ही दोन्ही साधने पॅकेज बसविण्यापूर्वी नोंदी तपासत आणि काही कमी असल्यास नकार देऊन थांबत. उणे असलेली वस्तू कोठून आणावी, हे त्यांना ठाऊक नव्हते. वापरणारा ती वस्तू शोधून आणी, तेव्हा तिला आणखी दोन वस्तू लागत असल्याचे उघड होई. कधी सापडलेले पॅकेज दुसऱ्याच वितरणासाठी बनविलेले असे. दोन्हींचे स्वरूप आरपीएमचेच असले तरी लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या व पॅकेजांची नावे जुळत नसत. एका पॅकेजाला एखाद्या लायब्ररीची जुनी व दुसऱ्याला तिचीच नवी आवृत्ती हवी असली, तर दोन्ही आवृत्त्यांच्या धारिकांची नावे एकच असल्याने मार्गच खुंटे. १९९० नंतरच्या दशकात या अवस्थेला इंग्रजीत ‘अवलंबित्वाचा नरक’ असे नाव पडले. ते आरपीएमच्या वाट्याला अधिक आले. यात तांत्रिक स्वरूपाचा दोष थोडाच होता. डेबियनची पॅकेजे बहुधा एकाच भांडारातून व एकाच नियमावलीखाली येत, तर आरपीएमची चोहोंकडून येत, हे त्याचे मुख्य कारण होय.

हा नरक पुष्कळसा संपविला तो अ‍ॅप्ट या साधनाने. जेसन गनथॉर्प इत्यादींनी १९९८ च्या सुमारास त्याचे मुख्य काम केले व मार्च १९९९ मधील डेबियन २.१ बरोबर ते सर्वांच्या हाती आले. अ‍ॅप्ट भांडारातील सर्व पॅकेजांची सूची आधी आणून ठेवते, मागितलेल्या पॅकेजापासून साखळीने जे जे लागेल ते ठरविते, उतरवून घेते व योग्य क्रमाने डीपीकेजीच्या स्वाधीन करते. चालू असलेली प्रणाली एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर नेणेही त्यामुळे शक्य झाले. ब्राझीलमधील कोनेक्टिव्हा या वितरणाने २००० मध्ये अ‍ॅप्ट आरपीएमसाठी वापरून दाखविले. रेड हॅटच्या परंपरेत मात्र यम हे साधन टिकले. यलो डॉग या वितरणाच्या यप या साधनावरून ड्यूक विद्यापीठाच्या भौतिकी विभागातील सेथ व्हिडाल (मृत्यू २०१३) व मायकेल स्टेनर यांनी ते घडविले. विभागातील संगणक अद्ययावत ठेवणे हा त्यांचा मूळ हेतू होता.

भांडारामागील श्रम : अ‍ॅप्ट व यम यांनी प्रश्न सोडविला, असे सामान्यतः म्हटले जाते. अधिक नेमकेपणाने पाहता त्यांनी तो वापरणाऱ्याच्या खांद्यावरून उचलून भांडार सांभाळणाऱ्यांच्या खांद्यावर ठेवला. साधन कितीही कुशल असले तरी भांडारातील नोंदीच परस्परविसंगत असतील, तर त्याला उत्तर मिळणार नाही. डेबियनच्या १९९६ मधील १.१ या आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती. ९ ऑगस्ट २०२५ रोजी निघालेल्या १३ व्या आवृत्तीत ६९,८३० आहेत. यांतील प्रत्येकाचे अवलंबित्व त्याच भांडारात पुरे झाले पाहिजे, अशी अट आहे. २००० च्या अखेरीस डेबियनने ‘टेस्टिंग’ ही मधली पायरी निर्माण केली. नवे पॅकेज प्रथम अस्थिर विभागात येते. काही दिवसांत त्यात गंभीर दोष आढळला नाही आणि ते आल्याने दुसरे कोणतेही पॅकेज बसविण्यास अयोग्य होत नाही अशी खात्री एका आज्ञावलीने केली, तरच ते पुढे सरकते. डेबियनवरून निघालेल्या वितरणांना ही खात्री आयतीच मिळते. उबंटू (२००४) हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध होय. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेचे बॉस (२००७) हे भारतीय वितरणही डेबियनवरच आधारलेले आहे.

या श्रमांचा खरा अंदाज मोठ्या स्थित्यंतरांवरून येतो. सर्वांत मूलभूत लायब्ररी म्हणजे सी भाषेची लायब्ररी. लिनक्सवर आधी तिची ‘लिबसी५’ ही आवृत्ती होती. १९९७–९८ मध्ये बहुतेक प्रमुख वितरणे ‘लिबसी६’ कडे वळली. एकाच चालू आज्ञावलीत दोन्ही आवृत्त्या सुखाने नांदू शकत नसल्याने केवळ सी लायब्ररी बदलून भागणार नव्हते. तिच्यावर विसंबणारी प्रत्येक लायब्ररी पुन्हा तयार करणे आणि जुनी प्रतही जुन्या आज्ञावल्यांसाठी शेजारी ठेवणे, असे दुहेरी काम होते. डेबियनने नव्या लायब्रऱ्यांच्या नावापुढे ‘जी’ हे अक्षर जोडून ती पॅकेजे वेगळी केली. जुलै १९९८ मध्ये निघालेल्या २.० या आवृत्तीत हे स्थित्यंतर पुरे झाले. लिबसी५ केव्हाच नामशेष झाली, पण संकोचनाची झेडलिब ही लायब्ररी डेबियनमध्ये आजही ‘झेडलिब१जी’ याच नावाने मिळते. त्या ‘जी’चा अर्थ आता थोड्यांनाच ठाऊक असेल. नाव बदलले तर त्यावर विसंबणारी पॅकेजे बदलावी लागतील, म्हणून ते अक्षर तसेच राहिले आहे.

असे शेपूट लावण्याची वेळ पुढेही आली. सी++ भाषेच्या संकलकातील बदलामुळे २००५ मध्ये अनेक लायब्रऱ्यांना ‘सी२’ व २०१५ मध्ये ‘व्ही५’ हे प्रत्यय लागले. सर्वांत मोठे अलीकडचे स्थित्यंतर २०२४ मधील होय. ३२ बिटी संगणकांवर वेळ मोजण्यासाठी वापरली जाणारी संख्या १९ जानेवारी २०३८ रोजी अपुरी पडणार आहे. तिची लांबी ६४ बिटी केली की ती संख्या ज्यांच्या करारात येते अशा सर्व लायब्रऱ्यांचा करार मोडतो. डेबियन व उबंटूने एक हजारांहून अधिक लायब्ररी-पॅकेजे ‘टी६४’ हा प्रत्यय लावून नव्याने तयार केली. ते चालू असता अस्थिर विभाग कित्येक आठवडे नावाप्रमाणेच अस्थिर होता. अशा रीतीने एखाद्या लायब्ररीच्या पॅकेजाचे नाव हे जमिनीच्या थरांप्रमाणे तिच्यावरून गेलेल्या कालखंडांची खूण बाळगून असते.

गणिती स्वरूप : दिलेल्या भांडारातून एखादे पॅकेज बसविता येईल की नाही, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. नोंदींत ‘हे किंवा ते’ असे पर्याय असतात आणि ‘विरोध’ही असतात. एक पर्याय निवडल्यावर पाच पायऱ्यांपुढे विरोध निघू शकतो व मागे यावे लागते. केवळ ३० पॅकेजांचेही ‘असणे-नसणे’ यांचे १०७ कोटींहून अधिक प्रकार संभवतात. यूरोपीय संघाच्या अर्थसाहाय्याने २००४ ते २००७ या काळात चाललेल्या ईडॉस या प्रकल्पात पॅरिसमधील रोबेर्तो दी कोस्मो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. २००६ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, हा प्रश्न तर्कशास्त्रातील सूत्र-समाधानाच्या प्रश्नाइतकाच अवघड, म्हणजे ‘एनपी-पूर्ण’ वर्गातील, आहे. अशा प्रश्नांसाठी सर्व प्रसंगी झटपट चालणारी पद्धती ज्ञात नाही. व्यवहारात मात्र भांडारांची रचना बरीच सौम्य असल्याने उत्तर लवकर मिळते. या निष्कर्षाचा उपयोग असा झाला की, अंदाजाने पर्याय निवडणाऱ्या जुन्या पद्धतींऐवजी सूत्र-समाधानाची तयार तंत्रे वापरण्याकडे साधनांचा कल झाला. ओपनसूसेने जून २००८ मधील ११.० या आवृत्तीत तसा बदल केला. त्यातूनच मायकेल श्रोडर यांची लिबसॉल्व्ह ही लायब्ररी पुढे आली. यमच्या जागी आलेले डीएनएफ हे साधन (फेडोरात २०१५ पासून मूळ साधन) तिच्यावरच आधारलेले आहे.

तर्कदृष्ट्या बरोबर असलेले उत्तर मागणाऱ्याला हवे असलेलेच असते, असे नव्हे. २०२१ मध्ये पॉप ओएस या वितरणावर खेळांसाठीचे स्टीम हे पॅकेज बसवू गेलेल्या एका प्रसिद्ध चित्रफीतकाराला याचा अनुभव आला. एका पॅकेजाच्या ३२ व ६४ बिटी प्रतींच्या आवृत्त्या भांडारात तात्पुरत्या जुळत नव्हत्या. तेव्हा अ‍ॅप्टने संपूर्ण खिडकी-व्यवस्था काढून टाकून विरोध मिटविण्याचा मार्ग सुचविला. ‘होय, सांगतो तसे कर’ या अर्थाचे वाक्य टंकलिखित करताच तो अंमलातही आणला. इशारा दिलेला होता. पण तो लांबलचक यादीच्या तळाशी होता. यानंतर अत्यावश्यक पॅकेजे काढण्यास सहजासहजी तयार होऊ नये, अशी सुधारणा अ‍ॅप्टमध्ये करण्यात आली.

मॉड्यूलांचा प्रयोग : एका वितरणात एका सॉफ्टवेअरची एकच आवृत्ती, या नियमाची अडचण विशेषतः मोठ्या संस्थांना जाणवते. त्यांना गाभा व मूलभूत लायब्रऱ्या दहा वर्षे स्थिर हव्या असतात, पण दत्तनिधीची किंवा प्रोग्रॅमिंग भाषेची आवृत्ती मात्र नवी हवी असते. यावर उपाय म्हणून फेडोरा व रेड हॅट यांनी ‘मॉड्यूल’ ही कल्पना मांडली. एकत्र तयार केलेल्या व एकत्र तपासलेल्या पॅकेजांचा संच म्हणजे मॉड्यूल. त्याच्या अनेक शाखा भांडारात एकाच वेळी उपलब्ध असतात, उदा., नोडजेएसची आठवी व दहावी आवृत्ती. वापरणाऱ्याने त्यांतील एक निवडावयाची असते. २०१७ मधील प्राथमिक नमुन्यानंतर मे २०१८ मध्ये फेडोरा २८ बरोबर ही सोय सुरू झाली व मे २०१९ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मध्ये तिला मध्यवर्ती स्थान मिळाले.

या रचनेत एक मर्यादा आरंभापासून होती. शाखा अनेक उपलब्ध असल्या तरी एका वेळी एकच बसविता येई. दोन मॉड्यूलांना तिसऱ्याच्या वेगवेगळ्या शाखा हव्या असल्या की, पॅकेजांच्या पातळीवरील जुनाच पेच वरच्या मजल्यावर नव्याने उभा राही. २०१९ मध्ये फेडोरा ३१ कडे जाताना नेमके हेच घडले. लिबगिट२ या लायब्ररीच्या मॉड्यूलाची शाखा, ती आपण निवडली आहे हे ठाऊकही नसलेल्या लोकांच्या संगणकांवर चालू झालेली होती व तिच्यामुळे पुढील आवृत्तीकडे जाण्याची वाट अडली. मॉड्यूलातील पॅकेज बाहेरच्या त्याच नावाच्या पॅकेजाला, ते अधिक नवे असले तरी, झाकून टाकी. हाही नियम अनेकांना अनपेक्षित होता. सर्वांत गंभीर परिणाम सांभाळणाऱ्यांवर झाला. जावा भाषेची काही मूलभूत साधने सांभाळणाऱ्यांनी ती मॉड्यूलात नेली आणि सामान्य भांडारातील त्यांच्या प्रती बेवारस झाल्या. त्यांच्यावर विसंबणारी पॅकेजे वाचविण्यासाठी २०१९ मध्ये स्वयंसेवकांचा एक वेगळा गट पुढे आला. मॉड्यूलकाराची सोय ही इतर सर्वांची गैरसोय ठरली, ही त्या वेळची टीका अनाठायी म्हणता येत नाही. २०२३ मध्ये फेडोरा ३९ पासून मॉड्यूले तयार करणे बंद झाले. २०२५ मधील रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० च्या पहिल्या आवृत्तीतही ती नाहीत. अधिक आवृत्त्या पुरविण्याचे काम पुन्हा आवृत्ती-क्रमांक नावातच असलेल्या साध्या पॅकेजांकडे आले. म्हणजे डेबियनने लायब्रऱ्यांपुरता जो मार्ग पूर्वीच अवलंबिला होता, त्याच्याच जवळपास हे वळण पोहोचले.

एकच प्रत असण्याचा नियम मुळातच नाकारणारे पर्यायही आहेत. नेदर्लंड्समधील उत्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००३ च्या सुमारास निक्सची सुरुवात केली व २००६ मध्ये त्यावरील प्रबंध सादर केला. निक्समध्ये प्रत्येक पॅकेज स्वतंत्र मार्गावर राहते व त्या मार्गाच्या नावात त्याच्या सर्व घटकांवरून काढलेला संकेतांक असतो. घटकांपैकी एक जरी बदलला तरी संकेतांक बदलतो, त्यामुळे कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारी राहू शकतात आणि बदल पसंत न पडल्यास मागे जाता येते. जागेचा खर्च व शिकण्यातील अवघडपणा ही त्याची किंमत होय. दुसरा मार्ग फ्लॅटपॅक व स्नॅप यांचा. २०१६ पासून प्रसार पावलेल्या या पद्धतींत आज्ञावली आपल्याबरोबर आपल्या बहुतेक लायब्रऱ्या घेऊनच येते व समान पाया तेवढा बाहेरून घेते. त्यामुळे एकच गठ्ठा अनेक वितरणांवर चालतो व लेखकाला प्रत्येक वितरणाच्या मागे धावावे लागत नाही.

सुरक्षितता : लायब्ररीची प्रत सामायिक असावी की प्रत्येकाने आपापली बाळगावी, हा वाद रुचीचा नाही. मार्च २००२ मध्ये झेडलिबमध्ये स्मृती दोनदा मोकळी करण्याचा गंभीर दोष उघडकीस आला. सामायिक लायब्ररी बदलणे सोपे होते. पण अनेक आज्ञावल्यांनी, गाभ्यानेही, झेडलिबची स्वतःची प्रत पोटात घेतलेली होती. वितरणांना अशा प्रती हुडकून त्या प्रत्येकासाठी स्वतंत्र दुरुस्ती काढावी लागली. याउलट एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीतील ‘हार्टब्लीड’ हा दोष जाहीर झाला, तेव्हा वितरणांनी त्याच वा दुसऱ्या दिवशी एक दुरुस्त पॅकेज काढले. ते बसवून सेवा पुन्हा सुरू केल्या की, ती लायब्ररी वापरणाऱ्या सर्व आज्ञावल्यांतील भोक बुजले. (चोरीस गेली असण्याचा संभव असलेली गुप्त किल्ली बदलण्याचे काम अर्थात उरलेच.) स्वतःच्या लायब्रऱ्या बरोबर घेऊन फिरणाऱ्या आजच्या गठ्ठ्यांच्या बाबतीत ही जबाबदारी प्रत्येक गठ्ठ्याच्या कर्त्याकडे जाते आणि ती किती जण पाळतात, यावर वापरणाऱ्याची सुरक्षितता ठरते.

सामायिकतेची दुसरी बाजू २०२४ मध्ये दिसली. २९ मार्च रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने जाहीर केले की, एक्सझेड या संकोचन-साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम चोरवाट घातलेली आहे. डेबियनच्या अस्थिर विभागात एसएसएचने दूरच्या संगणकात प्रवेश करताना सु. अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्यावरून त्यांना संशय आला होता. चोरवाटेचे लक्ष्य एसएसएचची सेवा होती. पण ती सेवा मुळात एक्सझेडवर अवलंबून नाही. सेवा सुरू झाल्याची वर्दी सिस्टिमडी या व्यवस्थापकाला देता यावी, म्हणून डेबियन, फेडोरा इ. वितरणांनी तिच्यात सिस्टिमडीची लायब्ररी जोडलेली होती आणि ती लायब्ररी नोंदींच्या संकोचनासाठी एक्सझेडची लायब्ररी ओढून आणीत होती. एका छोट्याशा वर्दीसाठी साखळीत दोन कड्या वाढल्या होत्या व त्यांतील दुसरीवर हल्ला झाला. एक्सझेडचा भार दीर्घकाळ बहुतांशी एकाच थकलेल्या स्वयंसेवकावर होता. त्याच्या मदतीला येऊन काही वर्षांत विश्वास संपादन केलेल्या व्यक्तीने हे घडविले. चोरवाटेची आज्ञा डेबियन किंवा आरपीएम पद्धतीचे पॅकेज बनविले जात असेल तेव्हाच जागी होई, हे विशेष. स्थिर आवृत्त्यांत ती पोहोचली नव्हती. नवे पॅकेज मधल्या पायऱ्यांवर थांबवून ठेवण्याच्या जुन्या प्रथेचा येथे उपयोग झाला.

सिस्टिमडीच्या जून २०२४ मधील २५६ व्या आवृत्तीत संकोचनाच्या लायब्रऱ्या आरंभीच न जोडता गरज पडेल तेव्हाच उघडण्याची रीत आली. या बदलाची तयारी चोरवाट उघडकीस येण्यापूर्वीच सुरू झालेली होती. अशा रीतीने उघडलेल्या लायब्ररीचा उल्लेख धारिकेच्या ठरीव जागी राहत नाही, म्हणून यंत्राने अवलंबित्व शोधणाऱ्या डीपीकेजी व आरपीएम यांच्या साधनांना ती दिसत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी संकलित धारिकेतच एक वेगळी टीप लिहून ठेवण्याचा प्रघात याच आवृत्तीपासून पाडण्यात आला. लायब्ररीचे नाव आणि तिची गरज ‘आवश्यक’, ‘शिफारस’ की केवळ ‘सूचना’ या स्वरूपाची आहे, याची नोंद त्या टिपेत असते.